सटवाईचं अक्षर

प्रिय मनू,

परवा रात्री अडीच वाजता तू आमच्या खोलीच्या दारात येऊन म्हणालीस, "आई, मी जागी होते पण मला हलताच येत नव्हतं. आणि दाराशी कोणीतरी बाई उभी होती." मी तुला पाणी दिलं, कुशीत घेतलं, झोपवलं. सकाळी डबा भरताना तू लेनाच्या ओमाचा, म्हणजे तिच्या जर्मन आजीचा, हवाला देत पुढचा प्रश्न टाकलास. "लेनाची ओमा म्हणते ती द्रूड होती. मग आपल्याकडे कोण येतं? मराठी लोकांच्या पऱ्या नसतात का?" तुझी ट्राम चुकत होती म्हणून मी "संध्याकाळी सांगते" म्हटलं, आणि संध्याकाळी अर्थातच राहिलं. बोलायला लागले की मी भरकटते, म्हणून लिहून देतेय. रविवारच्या मराठी शाळेतल्या बाईंना हे दाखवू नकोस, माझे ऱ्हस्वदीर्घ काढत बसतील.

आधी ते हलता न येण्याचं. ज्या झोपेत आपल्याला खूप स्वप्नं पडतात, त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडून देतो. नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरोखर पलंगावरून उडी मारली असती. कधीकधी डोळे आधी उघडतात आणि हातपाय मागाहून जागे होतात. मधल्या त्या थोड्या वेळात स्वप्न चालूच असतं, फक्त ते तुझ्या खऱ्या खोलीत चालू असतं. कपाट खरं, दार खरं, बाई तेवढी खोटी. जागरण झालं की आणि उताणं झोपलं की हे जास्त होतं, आणि गेला आठवडाभर परीक्षेसाठी तू रोज बारापर्यंत जागत होतीस.

माझ्या आजीला, म्हणजे तुझ्या पणजीला, स्नायूंचं काही ठाऊक नव्हतं. पण उन्हाळ्यात आम्ही भावंडं अंगणात ओळीनं झोपलो की ती एक फेरी मारायची आणि ज्याचा हात छातीवर असेल त्याचा अलगद उचलून बाजूला ठेवायची. "छातीवर हात ठेवून झोपू नये, वाईट स्वप्नं पडतात." तिच्या हाताला राखुंडीचा वास यायचा. मी कितीदा तरी मुद्दाम छातीवर हात ठेवून झोपेचं सोंग केलंय.

आता लेनाच्या ओमाकडे येऊ. तू ज्या जर्मन भाषेत शाळा शिकतेस तिनं ही छातीवरची भानगड शब्दातच साठवून ठेवली आहे. वाईट स्वप्नाला तुम्ही आल्बट्राउम म्हणता ना? त्यातला आल्ब म्हणजे एल्फ. जुन्या काळी तो काही नाताळची खेळणी बांधणारा टोपीवाला नव्हता. तो रात्री झोपलेल्या माणसाच्या उरावर येऊन बसायचा आणि श्वास कोंडायचा. इंग्रजी नाइटमेअरमधल्या मेअरचाही मुळात घोडीशी संबंध नाही, तीसुद्धा अशीच उरावर बसणारी. फ्रँकफुर्टला कवी ग्योथेच्या घराच्या संग्रहालयात आपण ते चित्र पाहिलं होतं, आठवतं? पलंगावर पडलेली बाई, तिच्या अंगावर बसलेलं बुटकं ध्यान आणि पडद्यातून डोकावणारा घोडा. ते फ्युस्लीचं. पहिलं त्यानं १७८१ मध्ये काढलं, आणि फ्रँकफुर्टचं त्यानंतर दहाएक वर्षांनी पुन्हा. तू त्या ध्यानाकडे बघून "हे तर जेवणानंतरच्या मामासारखं बसलंय" म्हणाली होतीस आणि तिथला रखवालदार आपल्याकडे वळून बघायला लागला होता.

इकडे बव्हेरियात त्याच कामाला द्रूड आहे. तिच्यासाठी पाळण्यावर आणि उंबऱ्यावर पाच टोकांची चांदणी काढायचे, हात न उचलता, एका रेघेत. नाहीतर आपोआप भोक पडलेला नदीतला गोटा उशाशी टांगायचा. ओमानं लेनाच्या पलंगाला बांधलाय तो तसलाच, इसारच्या काठचा. तुझ्या आजीनं फोनवर तुला शिकवलेला श्लोक त्याच जातीचा आहे. राम, स्कंद, हनुमंत, गरुड आणि भीम ही पाच नावं घेऊन झोपलं की वाईट स्वप्न पडत नाही. चांदणीची पाच टोकं आणि ही पाच नावं यांचा काही संबंध नाही. मला आपली गंमत वाटली.

मग आपल्याकडे कोण? परी हा शब्द फारसीतून आला, आणि पंखवाली परी तर पुस्तकांतून. पणजीच्या गावात परी नव्हती. आसरा होत्या. सात बहिणी, साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या. नाव आलं अप्सरेवरून. एक अप्सरा इंद्राकडे नाचायला गेली, छान दागिने घालून कॅलेंडरवर आली. तिचीच बहीण वाईच्या बाजूला आमच्या विहिरीवर शेंदूर लावून बसली.

ती विहीर मी तुला दाखवली होती, पण तू तेव्हा चार वर्षांची होतीस आणि तुला फक्त बेडूक आठवतो. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला सात दगड, वीतभर उंचीचे. शेंदराचे थर बसून बसून त्यांचे कंगोरे गेलेले. समोर फुटक्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे, खणाची चिंधी, वाळलेला दहीभात आणि त्याला लागलेल्या मुंग्या. भर दुपारी, केस मोकळे सोडून तिकडे जायचं नाही, असा आम्हाला दम होता. दहा वर्षांची असताना मी गेले, अर्थात. न्हाल्यावर ओल्या केसांनीच गेले. त्या रात्री मला सडकून ताप भरला आणि स्वप्नात सात बायका पायऱ्यांवर बसून केस विंचरताना दिसल्या. त्यांतली एक म्हणाली, "तुझी फणी दे." मला ओरडायचं होतं आणि तोंड उघडेना. अगदी तुझ्यासारखं.

सकाळी माझ्या आजीनं दोन गोष्टी केल्या. आधी आजोबांना सायकलवर डॉक्टर आणायला धाडलं. मग खण, नारळ, हिरव्या बांगड्या आणि आमच्या घरातली एक नवी फणी घेऊन विहिरीवर गेली आणि ओटी भरून आली. ताप गोळ्यांनी गेला. पण ती फणी तिथे ठेवल्यावर मला जी गाढ झोप लागली, ती गोळ्यांनी लागली नसती.

हा क्रम लक्षात ठेव. डॉक्टर आधी. कारण ही गोष्ट सगळीकडे इतकी गोड नसते. बाळंतीण तापानं फणफणली तरी "आसरांनी धरलंय" म्हणून देवऋषी बोलवायचा आणि दवाखाना राहूनच जायचा, असंही आपल्या गावांतून झालंय. असले अघोरी प्रकार थांबावेत म्हणून महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. आणि द्रूडचं म्हणशील तर, उरावर बसणाऱ्या त्या बाईचं नाव पुढे जित्याजागत्या बायकांना चिकटलं. चेटकीण ठरवलेल्या माणसांना कोंडायला बांबेर्गमध्ये १६२७ साली खास तुरुंग बांधला, त्याचं नावच द्रूडनहाउस. रात्री दिसलेल्या बाईला दिवसा गावात शोधायला निघायचं नाही.

पण तुझा प्रश्न पऱ्यांचा होता, आणि खरं उत्तर मी मुद्दाम मागे ठेवलंय. इंग्रजीतली फेअरी आणि तुमची जर्मन फे, दोघी एकाच लॅटिन शब्दातून आल्या, फाता. त्याचा अर्थ पंख नाही, जादूची कांडीही नाही. फाता म्हणजे नशीब ठरवणाऱ्या बाया. डोर्नरोशनच्या, म्हणजे झोपी गेलेल्या राजकन्येच्या, गोष्टीत तिच्या बारशाला आलेल्या त्या शहाण्या बाया आठव. तेरा जणी होत्या आणि राजाकडे सोन्याच्या ताटल्या बाराच, म्हणून एकीला बोलावलंच नाही, आणि मग शंभर वर्षांची झोप. आता सांग, बाळाच्या जन्मानंतर रात्री येऊन त्याचं नशीब ठरवणारी आपल्याकडे कोण आहे?

सटवाई! पाचव्या किंवा सहाव्या रात्री ती येते आणि कपाळावर लेख लिहून जाते. षष्ठी, म्हणून सटवी, म्हणून सटवाई. तिला बोलवायचं विसरत नाहीत, उलट तिची वाट बघतात. पाटा-वरवंटा मांडून पूजा, जवळ विळा, कोरा कागद आणि लेखणी. घरातल्या बाया जागत बसतात. "हे तर आमच्या पाचवीलाच पुजलंय," असं बाबा दर महिन्याच्या बिलांकडे बघून म्हणतो ना, ते इथलं. आणि ती एकदा येऊन जात नाही. तान्हं बाळ झोपेत आपलं आपणच हसलं की आजी म्हणते, "सटवाई हसवतेय." ओठ काढून रडवेलं झालं की, "सटवाई रडवतेय." म्हणजे माणसाची अगदी पहिली स्वप्नं तिच्याबरोबर असतात. ओमाच्या द्रूडला घाबरणाऱ्या मुलीनं हे जरूर लक्षात घ्यावं. तुझ्या झोपेत आलेली पहिली बाई तुला हसवत होती, हे मी स्वतः पाहिलंय.

तुझी पाचवी म्युनिकच्या हॉस्पिटलात झाली. सिझेरियन होतं म्हणून आपल्याला लवकर सोडलं नव्हतं. तुझी आजी नुकतीच विमानातून उतरली होती. निरांजन लावायचं तर धुराचा अलार्म वाजणार, पाटा-वरवंटा तर बॅगेत मावणारच नव्हता. विळ्याच्या जागी तिनं माझ्या ताटातली बटर लावायची सुरी घेतली. तुझ्या पायाशी पाळण्यात एक कोरा कागद ठेवला, वर बाबाचं बॉलपेन. "लेखणी चालत नसेल तर तिची पंचाईत व्हायला नको," म्हणून आधी तळहातावर रेघ मारून पाहिली. भेटीची वेळ संपल्यावर ती घरी गेली, मी जागायचं ठरवलं आणि दहा मिनिटांत झोपले.

सकाळी आजी आली, तिनं पाळण्यात पाहिलं आणि मटकन खुर्चीतच बसली. कागदावर निळ्या शाईत अक्षरं होती! रात्रपाळीच्या सिस्टरला वाटलं, घरच्यांनी नोंदीसाठी ठेवलाय कागद. तिनं किती वाजले ते टाकून तुझं वजन आणि तुझा ताप लिहून ठेवला होता.

सिस्टरनं लिहिलंय हे आजीला पटलं, पण पूर्ण नाही. "काय लिहिलंय ते वाच तरी," म्हणाली. मी वाचलं. ३१८० ग्रॅम. ३६.८. आणि खाली घाईघाईनं, श्लेफ्ट गूट. छान झोपते.

निळ्या फाइलमध्ये तुझ्या जन्मदाखल्यामागे आहे तो कागद. बघायचा असेल तर स्टुलावर चढून घे, आणि फाइल जागेवर ठेव.

आई