बीएला आलीस ना, मग हे ऐक

घरी नाकं मुरडली असतील. मुरडू देत, गणेशचवथीपर्यंत विसरतात सगळे.

पहिल्या आठवड्यातच पणजीला जा आणि पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचं सभासदत्व घे. १८३२ सालची संस्था आहे ती. कदंब बसस्टँडवरून चालत जाता येतं. मी दुसऱ्या वर्षापर्यंत सीनियरच्या झेरॉक्स नोट्सवर भागवलं. गोव्याच्या १९६७च्या जनमत कौलावर प्रश्न आला, तेव्हा वर्गातल्या निम्म्या जणांची उत्तरं शब्दशः सारखी निघाली, माझंही त्यातच. सरांनी नुसतं हसून पेपर परत दिला. त्यानंतर ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे अंक चाळायला बसले, तेव्हा कुठे कळलं की महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा संघप्रदेश, हा वाद घराघरात कसा पेटला होता. तुझ्या आजीला विचार, तिला आठवत असेल. ते लिहून ठेव, तारखेसकट. तिसऱ्या वर्षी प्रकल्पाला उपयोगी पडेल.

मराठी-कोंकणीच्या भांडणात पडू नकोस, दोन्ही वाच. पोर्तुगीज शिकायची संधी मिळाली तर सोडू नकोस. इथली कितीतरी जुनी कागदपत्रं त्याच भाषेत आहेत.

हजेरी मात्र सांभाळ. शेवटची बस चुकते, पहिली चुकवू नकोस.