विकत घेतलेल्या ८,००० पत्त्यांवर ईमेल पाठवले तर ते स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही निपाणीचे, मसाल्यांचा व्यवसाय, यादी स्वस्तात मिळतेय आणि सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, असा तुमचा प्रश्न आहे. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी ती यादी घेऊ नका. घेतली असेल तर फाईल डिलीट करा आणि पैसे गेले म्हणून सोडून द्या. आमचे यापेक्षा जास्त गेलेत.

उद्यमबागेत आमचं हायड्रॉलिक सिलिंडरच्या सील-किटचं काम चालतं. काही वर्षांपूर्वी बेळगावातच सीपीएड मैदानावर एका प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. आमच्या दाजींच्या डोक्यातून कल्पना निघाली: काचेची बरणी ठेवायची, व्हिजिटिंग कार्ड टाका, लकी ड्रॉमध्ये मिक्सर जिंका. बरणी दोनदा भरली. आता ज्यानं कार्ड टाकलं त्याला मिक्सर पाहिजे होता, आमच्या ओ-रिंगचे दर नव्हे. पण दाजींनी रविवारी बसून सगळी कार्डं एक्सेलमध्ये चढवली, वर कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर नऊ हजार पत्ते आणले. मी नको म्हटलं. "पाठवायला काय पैसे पडतात व्हय रे?" घरचे जावई, त्यात आई समोर बसलेली. मी गप्प बसलो. ती माझी चूक.

मेल गेला तोही आमच्या रोजच्या डोमेनवरून (ईमेल पत्त्यात @ च्या पुढचं नाव), म्हणजे ज्याच्यावरून कोटेशन जातात त्याच. भराभर बाउन्स, म्हणजे न पोचता परत आलेले मेल, यायला लागले. पुढच्या आठवड्यात हुबळीच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन, "कोटेशन बंदिल्ल री," म्हणजे आलंच नाही. म्हटलं, सर, सोमवारीच पाठवलंय. शोधलं तर स्पॅममध्ये. तोवर त्यांनी किट कोल्हापूरहून मागवले होते. शिवाय दाजींचा तो मेल अख्खा मराठीत. धारवाडच्या एकानं कन्नडमध्ये चार ओळींचं उत्तर दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. अहो, आपण सीमाभागातली माणसं, दुकानाच्या पाटीवरून इथं काय काय झालंय ते आपल्याला कुणी सांगायला पाहिजे का?

जीमेल तुमचा मसाला चांगला की वाईट ते बघत नाही. तुमच्या डोमेनवरून आलेल्या मेलवर किती जणांनी 'स्पॅम' दाबलं ते बघतं. गूगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत: तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली पाहिजेत, ०.१ च्या आत असल्या तर उत्तम. तुमचे आठही हजार जीमेलवाले धरले तरी २४ जणांनी बटण दाबलं की संपलं. आणि अनोळखी माणसानं पाठवलेल्या मेलवर २४ जण चहा संपायच्या आत दाबतात. विकाऊ यादीत बंद पडलेले पत्ते असतात, काही तर स्पॅम पाठवणाऱ्याला पकडायलाच ठेवलेले असतात.

आता आम्ही चलनाच्या खाली एक ओळ छापतो: महिन्याला एक मेल, नवीन साइझ आणि दर, हवा का? शेजारी रिकामा चौकोन. आधीच टिक मारून ठेवायची नाही. पुढे भाषा: मराठी, कन्नड, इंग्रजी. हो म्हणणाऱ्याला आधी पुष्टीचा मेल जातो, त्यातल्या लिंकवर क्लिक केलं तरच नाव यादीत. नको म्हणायची लिंक प्रत्येक मेलमध्ये वरच, आणि नको म्हटलं की त्याच दिवशी नाव बाद. ४१२ जण आहेत. दाजी जेवताना अजून म्हणतात, "माझे नऊ हजार होते." त्या नऊ हजारांतून एक ऑर्डर आली नाही. या ४१२ पैकी दर महिन्याला पाच-सहा जण तरी दर विचारतात.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, फरक पडत नाही. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे दाखवणाऱ्या तीन सेटिंग, डोमेनवाल्याकडून लावून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. जाहिरातीसाठी सबडोमेन, म्हणजे तुमच्याच डोमेनला जोडलेलं उपनाव, वेगळं ठेवा.

हां, एक राहिलं. एका क्लिकवर बाहेर पडायची सोय आणि वरची तिन्ही सेटिंग सक्तीची आहेत ती जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना. ती यादी सोडलीत तर तुम्ही कदाचित त्यात बसणार नाही, पण तक्रारींची मर्यादा छोट्यांनाही आहे. आणि परवानगी घेतली म्हणून मेल इनबॉक्समध्येच पडेल असंही नाही, आमचे काही अजून जीमेलच्या प्रमोशन टॅबमध्ये, म्हणजे जाहिरातींच्या कप्प्यात, जातात. मसाल्याला तर व्हॉट्सअॅपच जास्त चालेल असं मला वाटतं, तिथंही विचारूनच.

दाजींनाही पुष्टीचा मेल पाठवलाय. त्यांनी अजून क्लिक केलेलं नाही, म्हणून त्यांना आमचा मेल जात नाही.