पोटभर जेवूनही थकवा का जात नाही?

“दोन्ही वेळा पोटभर जेवते, तरी दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. माझ्या खाण्यात काही चुकतंय, की मी आळशी झाले आहे?” आहार समुपदेशनात हा प्रश्न वारंवार कानावर पडतो. चाळिशीच्या आसपासच्या, नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या एका बाईंनी तो विचारला, तेव्हा त्यांनी कुणीतरी सुचवलेली दोन टॉनिके आधीच संपवली होती. (त्यांची ओळख पटू नये, इतपत तपशील येथे बदलले आहेत.)

आदल्या दिवशी काय काय खाल्ले ते मी त्यांना घड्याळाच्या क्रमाने सांगायला लावले. सकाळी चहा आणि बिस्किटे, दोन्ही जेवणांत धान्य भरपूर, डाळ पातळ, भाजी नावापुरती, फळ आठवले तर. प्रत्येक जेवणानंतर लगेच चहा, आणि दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियमची गोळी. ऊर्जेचा हिशेब केला तर तो पुरेसा भरत होता, कारण कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅममधून सुमारे 4 आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅममधून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात. जीवनसत्त्वे आणि खनिजे मात्र ऊर्जा देत नाहीत आणि त्यांची उणीव भुकेच्या रूपाने कळतही नाही; त्यामुळे पोट भरल्याची खूण त्यांच्या बाबतीत काहीच सांगत नाही.

बोलता बोलता त्या संकोचून म्हणाल्या, की हल्ली फ्रीजमधला बर्फ चघळावासा वाटतो. हे कुणाला सांगण्याजोगे आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. बर्फाची अशी ओढ लोहाच्या कमतरतेत बऱ्याचदा दिसते, म्हणून आहाराचा तक्ता बाजूला ठेवून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. हिमोग्लोबिन 9.6 निघाले, गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये ते 12 च्या खाली असेल तर रक्तक्षय मानतात. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही फार खाली होते. पाळीत अतिरक्तस्राव होत असल्याचे तेव्हाच पुढे आले.

“गोळ्या नकोत, खाण्यातूनच भरून काढू,” असा त्यांचा आग्रह होता. आग्रह समजण्यासारखा होता, पण हिशेब त्याच्या बाजूने नव्हता. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे एका पाळीत 80 मिलिलिटर रक्त गेले तर सुमारे 40 मिलिग्रॅम लोह जाते, आणि आतडे अन्नातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषून घेते, ज्यातले बरेचसे रोजची नेहमीची झीज भरण्यातच संपते. साठा रिकामा झाल्यावर केवळ ताटाच्या भरवशावर राहणे मला योग्य वाटत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही पाठवले.

आहारात आम्ही नवे पदार्थ फारसे आणले नाहीत. जे होते त्यांच्या वेळा आणि जोड्या बदलल्या. वनस्पतीजन्य लोह मुळात कमी शोषले जाते आणि चहातील पॉलिफेनॉल ते आणखी अडवतात, म्हणून चहा जेवणापासून निदान तासभर दूर गेला. कॅल्शियमही लोहाच्या आड येते, त्यामुळे त्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलली. डाळ घट्ट झाली आणि सोबत लिंबू किंवा एखादे आंबट फळ आले, कारण क जीवनसत्त्व हे लोह शोषायला मदत करते. लिंबू शिजवताना न घालता ताटात पिळायचे, कारण उष्णतेने ते जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. चहा पुढे ढकलणे त्यांना सर्वांत जड गेले. गोळ्यांबद्दल त्यांनी तितकी कुरकुर केली नाही.

बर्फाची ओढ आधी गेली, थकवा हळूहळू ओसरला. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन 12 च्या वर आल्यावर त्यांनी गोळ्या थांबवू का, असे विचारले. आलेले लोह शरीर आधी रक्तासाठी वापरते आणि साठा नंतर भरते, म्हणून अशा वेळी गोळ्या साधारण आणखी तीन महिने चालू ठेवतात. त्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले आणि फेरिटिन पुन्हा तपासायला लावले. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत हीच कमतरता आढळली, तर आहाराची चर्चा करण्यापूर्वी पचनमार्गातून कुठे रक्त जात आहे का, याची तपासणी व्हायला हवी.