आधी भागाकार

फोंडा, रविवार

बाय,

तू पाठवलेलं माहितीपत्रक दोनदा वाचलं. तळहातावर मावेल अशी डबी, पंखा नाही, मोबाइलच्या चार्जरवर चालते, १० वॅट खाते आणि इंटरनेटशिवाय ७० अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे आत साठवलेल्या तेवढ्या आकड्यांचं) भाषा-मॉडेल सेकंदाला ५० टोकनच्या, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांच्या, वेगाने चालवते. मामाला म्हापशातल्या दुकानासाठी अशा दहा डब्या घ्यायच्यात, आणि चवथीच्या आत निम्मे पैसे भरले तर विशेष दर. वर तू विचारतेस, "काका, पण खरं असलं तर?"

संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीकडून मला हा प्रश्न नको होता. कागद घे आणि भागाकार कर.

७० अब्ज पॅरामीटर, प्रत्येक ४ बिटांत दाबून बसवला तर अर्धा बाइट. झाले ३५ जीबी. असं मॉडेल एक टोकन लिहितं तेव्हा जवळजवळ सगळेच्या सगळे पॅरामीटर मेमरीतून एकदा वाचून घ्यावे लागतात, पुढच्या टोकनला पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ५० टोकनांना सेकंदाला १७५० जीबी. आता हा आकडा बाजारातल्या मालाशेजारी ठेव. साध्या डेस्कटॉपमधली दोन चॅनलची डीडीआर५-५६०० मेमरी सेकंदाला जेमतेम ९० जीबी देते. ९० भागिले ३५, अडीच टोकन. भारी लॅपटॉपातली १२८ बिट रुंदीची एलपीडीडीआर५एक्स-८५३३ घेतलीस तर १३६ जीबी, म्हणजे चारच्या आत. आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाचा वेग १००८ जीबी आहे, पण त्याची मेमरी २४ जीबी, त्यात हे मॉडेल मावतच नाही. सर्व्हरमधलं एच१०० कार्ड ३३५० जीबी देतं, तिथे हे जमेल. ते कार्ड ७०० वॅटपर्यंत वीज खातं आणि तळहातावर ठेवायची वस्तू नाही.

वीजही मोजून बघ. सेकंदाला १७५० जीबी म्हणजे १४ लाख कोटी बिट. सर्व्हरच्या कार्डांवर असते ती महागडी एचबीएम मेमरीसुद्धा एक बिट हलवायला साधारण ४ पिकोज्यूल घेते (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा लाख-कोटीवा भाग). गुणाकार कर: ५६ वॅट. नुसती ने-आण, अजून एकही बेरीज झालेली नाही. आणि डबी खाते १०. इथे पत्रक मिटायचं.

आता त्यातला '१२० टॉप्स' हा ठळक आकडा. एक टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. एका टोकनला पॅरामीटरमागे साधारण दोन क्रिया लागतात. ७० अब्ज गुणिले २ गुणिले ५० म्हणजे ७ लाख कोटी, अर्थात ७ टॉप्स. एवढंच पुरतं! मग १२० कशाला छापले? कारण तो आकडा फुगवणं सोपं असतं. ८ बिटांऐवजी ४ बिटांत मोजला की दुप्पट, 'स्पार्सिटीसह' (म्हणजे शून्य असलेले आकडे गाळून) अशी बारीक टीप घातली की आणखी दुप्पट. अडतं ते मेमरीच्या वेगावर, आणि सोळा पानांत मेमरीचा वेग एकदाही लिहिलेला नाही. म्हापशाच्या बाजारात विसवण घेताना तुझी आई कल्ले उचलून लाल आहेत की नाहीत ते बघते ना? विकणारी मासा नुसता शेपटीकडून दाखवू लागली तर आई पुढच्या पाटीकडे जाते. इथे मेमरीचा वेग म्हणजे कल्ले.

तू म्हणशील, काका एकदम 'खोटं' म्हणून मोकळे झाले. नाही, मी भागाकार म्हणतोय. उत्तर बदलू शकतं अशा वाटा आहेत आणि त्या तुला माहीत हव्यात. काही मॉडेलं एका टोकनला आपला थोडाच भाग वापरतात. मिक्स्ट्राल ८×७बीमध्ये एकूण ४६.७ अब्ज पॅरामीटर आहेत, पण एका टोकनला त्यांतले १२.९ अब्जच लागतात. छोट्या मॉडेलकडून पुढची चार-पाच टोकनं अंदाजाने लिहून घेऊन मोठ्याकडून एकदम तपासायची युक्तीही आहे, तिने वेग दुपटीच्या आसपास जातो. आणि एकाच वेळी वीस जणांना उत्तरं देत असतील तर वीस जणांची टोकनं एकत्र मोजून ५० म्हणता येतात. त्यांना विचार, यांतलं काय केलंय? सरळ उत्तर आलं तर तो आकडा घालून भागाकार पुन्हा कर. 'ते आमचं गुपित तंत्रज्ञान आहे' असं उत्तर आलं, तर मामाला चेकबुक कपाटात ठेवायला सांग.

पणजीच्या हॉटेलातलं प्रात्यक्षिक तू डोळ्यांनी पाहिलंस म्हणतेस. काय पाहिलंस? पडद्यावर अक्षरं भराभर उमटली, एवढंच. माझा अंदाज सांगतो: डबी चालत असेल, आतलं मॉडेल तेवढं दुसरं असेल. ३ अब्जांचं मॉडेल ४ बिटांत दीड जीबीचं होतं, त्याला ५० टोकनांना ७५ जीबी पुरतात, आणि ते १० वॅटच्या आसपास जमू शकतं. अशी डबी कामाची आहे, पण तिची किंमत वेगळी आणि तिच्याकडून अपेक्षाही वेगळी.

पुन्हा दाखवायला बोलावलं तर वीज बंद करून चालू करायला सांग आणि घड्याळ लाव. ३५ जीबी मेमरीत चढायला वेळ लागतो. साठवणीला चांगली एनव्हीएमई एसएसडी असेल तर दहा सेकंद, स्वस्त फोनांत असते तशी साधी ईएमएमसी असेल तर सेकंदाला ३०० एमबी धरून जवळजवळ दोन मिनिटं. डबीने तिसऱ्या सेकंदाला उत्तर द्यायला सुरुवात केली, तर ते मॉडेल आत नाही. वायफाय बंद केलं म्हणून समाधान मानू नकोस, आत सिमकार्डाचा मोडेम असू शकतो. रेंज नसलेली जागा आपल्या गोव्यात मुद्दाम शोधावी लागत नाही, तिथे ने. प्रश्न तुझे विचार, मराठीत आणि कोंकणीत, त्यांनी छापून दिलेले नको. आणि लक्षात ठेव, देवनागरीत एका शब्दाला इंग्रजीपेक्षा बरीच जास्त टोकनं लागतात, तेव्हा ५० टोकन म्हणजे ५० शब्द असं मामाने गिऱ्हाइकाला सांगू नये.

वीज मोजायला भिंतीच्या सॉकेटात लावायचा स्वस्त मीटर घेऊ नकोस, पाच-दहा वॅटच्या खाली तो काहीही दाखवतो. चार्जर आणि डबीच्या मधे लागणारा यूएसबी-सी मीटर घे. पहिल्या मिनिटाचा वेग लिही, पंधरा मिनिटं सलग चालव, मग पुन्हा लिही. पंख्याशिवायची बंद डबी आपल्या दमट हवेत तापते, चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते आणि ५० ची ३० कधी झाली ते कळतही नाही. पत्रकातला आकडा नेहमी पहिल्या मिनिटाचा असतो. वेग, वॅट आणि मॉडेलचा आकार हे तिन्ही एकाच डबीवर, एकाच वेळी मोजलेले हवेत. वेग एका यंत्रावरचा, वॅट रिकाम्या बसलेल्या दुसऱ्याचे, असं करून कुठलीही जादू छापता येते.

मोठ्या कंपन्या असं करत नाहीत असंही समजू नकोस. इंटेल आणि मायक्रॉनने २०१५ साली नवी मेमरी जाहीर केली तेव्हा 'हजारपट वेगवान' हेच शब्द होते. ती घातलेल्या ड्राइव्ह बाजारात आल्या तेव्हा वाचायला लागणारा वेळ साध्या एसएसडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरला. वस्तू उत्तम होती, पण हजारपट नव्हती, आणि २०२२ मध्ये इंटेलने तो धंदा गुंडाळला. त्याच २०१५ मध्ये डी-वेव्ह कंपनीच्या क्वांटम यंत्राबद्दल 'दहा कोटीपट' छापून आलं. कशाच्या? साध्या प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालणाऱ्या एका ठरावीक पद्धतीच्या. 'पट' हा शब्द दिसला की 'कशाच्या' विचारायचं. उलट ॲपलचा एम१ प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आला तेव्हा दावे मोठेच होते, पण लोकांनी दुकानातून विकत आणून घरी मोजले आणि ते बरेचसे टिकले. तिथे शंका घेणाऱ्यांनी गप्प बसायचं. आम्ही बसलो.

तुझे बाबा म्हणतात, काका पोरांच्या उत्साहावर पाणी ओततात. म्हणू देत. हा हट्ट मला फुकट मिळालेला नाही, पावत्या कपाटात आहेत. आणि मी तरी दुसरं काय मागतो? एक भागाकार, जो तू सातवीत शिकलीस. तो न करता चार इंजिनियर पोरं एका हॉटेलात टाळ्या वाजवतात, याचा मला राग येतो, आणि तू त्यांत होतीस याचा जास्त.

असो. मामाला त्यांना तीन ओळींचं पत्र पाठवू दे: मेमरी किती जीबी, तिचा वेग सेकंदाला किती जीबी, आणि मॉडेलच्या फाइलचा आकार किती. उत्तर येईपर्यंत एक रुपया नाही, चवथ गेली तरी चालेल. डबी हाती लागलीच तर शनिवारी फोंड्याला घेऊन ये. यूएसबी-सी मीटर माझ्याकडे आहे, विकत घेऊ नकोस.

तुझा,
काका