वही जप्त करण्याआधी वाचायची होती

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. सहामाहीत ६१ टक्के. पहाटे पाचला उठवून बसवतो, तरी लक्ष लागत नाही. घरात गेमचं मशीन नाही, पण पुढचं प्लेस्टेशन, पुढचा एक्सबॉक्स कसा असेल याचे आकडे लिहून त्याने २०० पानी वही भरली आहे. वही मी जप्त केली. एका पानाचा फोटो सोबत पाठवतो. म्हणतो, हार्डवेअरमध्ये जायचंय. एवढं शिकून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसणार का? आम्ही आयआयटीचं सगळ्यांना सांगून बसलोय. त्याला ताळ्यावर कसं आणावं? (एक पालक, सांगली)

उत्तर : मला ६१ टक्क्यांपेक्षा ‘सगळ्यांना सांगून बसलोय’ हे वाक्य जास्त खटकलं. सांगितलंत तुम्ही आणि निस्तरायचं त्याने, असा हा हिशेब आहे. आयआयटीला जायचंय असं तो स्वतः कधी म्हणाला, याचा पत्रात कुठेही उल्लेख नाही. पाचला उठवून बसवलेलं मूल पुस्तक उघडं ठेवतं. अभ्यास करतंच असं नाही. वही काढून घेतल्यावर टक्के वाढले का, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. वाढले असते तर आवर्जून लिहिलं असतंत.

आता तो फोटो. तुम्ही तो मुलाविरुद्धचा पुरावा म्हणून पाठवलात, म्हणून नीट वाचला. वरती ‘३२ जीबी, ५१२ बिट बस’ लिहून खोडलंय. समासात बारीक अक्षरात ‘१६ चिप? बोर्ड महाग’. खाली ‘२४ जीबी, २५६ बिट, ८९६, पीएस५च्या दुप्पट’. गणित तपासलं, बरोबर आहे. बस म्हणजे मेमरी आणि मुख्य चिप यांच्यामधली जोडणी; बिट जितके जास्त, तितकी ती रुंद. जीडीडीआर७ मेमरीची एक चिप ३२ बिटांनी जोडली जाते; ५१२ बिट हव्यात तर १६ चिप लागणार. २५६ बिटांना आठ पुरतात, आणि ३ जीबीची चिप धरली की २४ जीबी होतात. दर बिटाच्या जोडणीला २८ गिगाबिट वेगाने सेकंदाला ८९६ जीबी, पीएस५चे ४४८. खोडण्याचं कारणही पटण्यासारखं आहे. मेमरीच्या जोडण्या मुख्य चिपच्या कडेला बसतात, आणि नव्या तंत्राने चिप लहान झाली तरी तो भाग फारसा आक्रसत नाही. रुंद बस एकदा स्वीकारली की पुढची सहा-सात वर्षं मशीनची किंमत उतरवणं कठीण जातं. सतरा वर्षांच्या मुलाने आधी हावरट आकडा लिहिला, खर्च मोजला आणि स्वतःच खाली आला. कोचिंगच्या फीमध्ये हे मिळत नाही.

त्याचं चुकलंय कुठे, तेही सांगते. त्याने ६० कम्प्यूट युनिट (मुख्य चिपमधले ग्राफिक्सचं गणित करणारे भाग) धरली आहेत आणि साठही चालवली आहेत. पीएस५च्या चिपमध्ये ४० बनवतात आणि ३६ वापरतात, म्हणजे एखाद-दुसरं सदोष निघालं तरी चिप फेकावी लागत नाही. दुसरं, विजेचा रकानाच नाही. व्होल्टेज आणि क्लॉक (चिपच्या ठोक्यांचा वेग) दोन्ही १० टक्के चढवले की वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते, कारण व्होल्टेजचा वर्ग येतो. बारावीच्या कपॅसिटरच्या धड्यातलाच तो वर्ग. उष्णतेचा अंदाज चुकला की काय होतं ते एक्सबॉक्स ३६०ने दाखवलं : २००७मध्ये वाढीव वॉरंटीपोटी मायक्रोसॉफ्टला एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली.

आणि हार्डवेअर म्हणजे दुकान, हा तुमचा समज. दुरुस्तीचं काम प्रामाणिक आहे, त्याला नाक मुरडू नका. पण मुलगा बोलतोय ते काम वेगळं. सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या सध्याच्या कन्सोलची मुख्य चिप एएमडीची, निन्टेंडोची एन्व्हिडियाची. दोन्ही कंपन्यांची मोठी अभियांत्रिकी केंद्रं बंगळूर आणि हैदराबादला आहेत, एन्व्हिडियाचं पुण्यातही आहे. तिथे चिपचं लॉजिक लिहिणं, ते तपासणं, मांडणी करणं अशी कामं चालतात. अर्थात बाविसाव्या वर्षी त्याला कुणी ‘किती जीबी ठेवू?’ असं विचारणार नाही. एका छोट्याशा ब्लॉकमधल्या चुका तो कित्येक महिने शोधत बसेल. हे त्याला आजच सांगा.

रस्ता नेहमीचाच : एमएचटी-सीईटी किंवा जेईई, मग ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), इलेक्ट्रॉनिक्स किंवा व्हीएलएसआयची, म्हणजे चिप-रचनेची शाखा, नंतर गेट ही एम.टेक.साठीची परीक्षा किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेचा व्हीएलएसआय डिप्लोमा. आयआयटी हे यातलं एक दार आहे, एकमेव नाही.

पण हे वाचून उद्यापासून त्याच्यामागे ‘व्हीएलएसआय, व्हीएलएसआय’ लावू नका. आकड्यांची आवड आणि त्या कामाची आवड एकच असते असं नाही. परीक्षा संपल्यावर लॅपटॉपवर आयकॅरस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह टाकून द्या; पहिल्यात चिपचं लॉजिक लिहून चालवता येतं, दुसऱ्यात त्याचे सिग्नल आलेखासारखे (वेव्हफॉर्म) दिसतात, आणि दोन्ही फुकट आहेत. आधी ४ बिटांचा अ‍ॅडर (बेरीज करणारं सर्किट), मग शिफ्ट रजिस्टर (दर ठोक्याला बिट एक घर पुढे सरकवणारं), मग ८ बिटांचं एएलयू (अंकगणित आणि तर्क करणारं), आणि प्रत्येकाचा टेस्टबेंच, म्हणजे चाचणीचा कोड, त्याचा त्यानेच लिहायचा. शिफ्ट रजिस्टरमध्ये बहुतेकांची फसगत होते : क्लॉकच्या ब्लॉकमध्ये ‘<=’च्या जागी ‘=’ पडलं की दोन टप्पे एकाच ठोक्यात पार होतात आणि मधला फ्लिप-फ्लॉप (एक बिट धरून ठेवणारा भाग) असून नसल्यासारखा. ती चूक वेव्हफॉर्ममध्ये शोधताना तो जेवायला उठला नाही, तर पुढे बोलू. कंटाळला, तर शाखेची निवड खुली ठेवा.

तोवर वही परत करा आणि रविवारचे दोन तास तिच्यासाठी सोडा. एक प्रश्नही द्या : एक्सबॉक्स सीरिज एक्समध्ये २ जीबीच्या सहा आणि १ जीबीच्या चार चिप, त्यामुळे १० जीबी सेकंदाला ५६० जीबी वेगाने चालते आणि उरलेली ६ जीबी ३३६ने. सगळ्या सारख्या का नाही घेतल्या? उत्तर त्याने तुम्हाला समजावून सांगायचं, तुम्ही मध्ये न बोलता ऐकायचं.

राहिले ते ६१ टक्के. कुठल्या विषयात गेले, हे पत्रात नाही. गणित-भौतिकशास्त्र ठीक असून रसायनशास्त्र मागे असेल तर उपाय वेगळा, आणि गणितच कच्चं असेल तर वेगळा. सीईटीत २००पैकी १०० गुण गणिताचे असतात. सहामाहीच्या उत्तरपत्रिका घेऊन मुलासोबत बसा, आणि कुठे अडलं हे आधी त्याला सांगू द्या. मग विषयवार गुण मला कळवा.