‘सर्व हक्क’ लिहिले, मुदत लिहायची राहिली

कोल्हापूरच्या एका चित्रकार ताईंचं पत्र समोर आहे. गाव बदललं, पुस्तकाचं नाव बदललं, तर याच मजकुराची बरीच पत्रं माझ्याकडे पडून आहेत. तेव्हा उत्तर एकीला असलं तरी बाकीच्यांनीही वाचावं.

हकिगत थोडक्यात अशी. नोव्हेंबर २०१७ मध्ये ताईंनी एका प्रकाशकाशी करार केला. एका खारुताईच्या पाच गोष्टी, आतली चित्रं आणि मुखपृष्ठं मिळून मानधन एकरकमी ६० हजार. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर एक पान, आणि त्यात हक्कांबद्दल एकच वाक्य: ‘चित्रकार या चित्रांचे सर्व हक्क प्रकाशकास देत आहे.’ पुस्तकं खपली, जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा छापली गेली. जून २०२४ मध्ये तीच खार मुलांच्या एका अ‍ॅपवर हलू-बोलू लागली. पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमारास ती दप्तरांवर, कंपासपेट्यांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर दिसली. पुस्तकावर ताईंचं नाव आहे, अ‍ॅपवर कुठेच नाही. आता प्रकाशकाने ‘पूरक करारनामा’ सहीसाठी पाठवला आहे आणि न विचारता १५ हजार रुपये खात्यात जमाही केले आहेत. ताई विचारतात, ‘हक्क तर मी तेव्हाच देऊन बसले, मग सही करून १५ हजार पदरात पाडून घेऊ का?’

नाही. सही करू नका.

कॉपीराइट कोणाचा असतो, नोंदणी सक्तीची आहे का, हे इथे पुन्हा उगाळत नाही. तुमचं प्रकरण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ मधल्या पाचव्या पोटकलमावर उभं आहे. हक्कांच्या हस्तांतरात मुदत लिहिलेली नसेल, तर ते हस्तांतर कराराच्या तारखेपासून ५ वर्षांचं धरलं जातं. तुमच्या पानावर मुदत नाही. पत्रासोबतचा फोटो मी मोठा करून पाहिला. ‘कायमस्वरूपी’ नाही, ‘कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी’ नाही, काहीच नाही. म्हणजे प्रकाशकाचे ‘सर्व हक्क’ नोव्हेंबर २०२२ मध्ये संपले आणि तुमच्याकडे परत आले. त्यानंतरचं पुनर्मुद्रण, अ‍ॅप, दप्तरं, सगळं तुमच्या परवानगीविना झालं, अशी तुमची बाजू आहे आणि ती भक्कम आहे.

त्याच कलमाचं चौथं पोटकलम आणखी पुढे जातं. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास त्या हक्कापुरतं हस्तांतर रद्द झाल्याचं मानलं जातं. पुस्तकं २०१८ मध्येच आली, तो हक्क वापरला गेला. अ‍ॅनिमेशनचा आणि वस्तूंवर छापण्याचा हक्क मात्र सहा-सात वर्षं तसाच पडून होता. प्रकाशक म्हणेल, आम्ही ‘सर्व हक्क’ एकगठ्ठा घेतले आणि पुस्तकं छापून ते वापरले. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, म्हणून मी चौथ्या पोटकलमावर सगळा भार टाकणार नाही. पाचवं पुरेसं आहे. ‘२०१७ मध्ये अ‍ॅपचा विचारच नव्हता’ हा तुमचा मुद्दा मात्र सोडून द्या. करार झाला तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या माध्यमांबद्दल कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण २०१७ मध्ये मुलांची अ‍ॅप घरोघरी होती.

आता तो पूरक करारनामा. आठ वर्षांपूर्वीच्या एका पानाला ‘पूरक’ काहीतरी जोडावं असं प्रकाशकाला एकाएकी का वाटलं, याचा विचार तुम्ही करायला हवा होता. त्यांच्या वकिलाने जुना कागद वाचला आणि मुदतीची जागा रिकामी दिसली, एवढंच झालं आहे. नव्या मसुद्याचं दुसरं कलम म्हणतं की मूळ हस्तांतर ‘प्रथमपासूनच कायमस्वरूपी व जगभरासाठी’ होतं. जगभरासाठी का? कारण क्षेत्र लिहिलेलं नसेल तर कायदा भारतापुरतंच धरतो, तीही जागा तुमच्या पानावर रिकामीच आहे. दुसरं कलम वाईट आहेच, पण तिसरं त्याहून वाईट: ‘सदर चित्रे प्रकाशकाने मोबदला देऊन करवून घेतली असून प्रकाशक हेच त्यांचे प्रथम मालक आहेत.’

या वाक्यामागे कलम १७ आहे. सर्वसाधारण नियम असा की कलाकृतीची पहिली मालकी कलाकाराची. याला अपवाद आहेत. पगारी नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं; ते तुम्हाला लागू नाही, तुम्ही घरून काम करणाऱ्या स्वतंत्र चित्रकार. दुसरा अपवाद त्रासाचा आहे. कोणी मोबदला देऊन छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम किंवा चित्रपट करवून घेतला, तर उलट करार नसल्यास पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. रेखाटन या यादीत नाही. आता तुमची शाईची रेषा आणि त्यावरचे जलरंग हे रेखाटन की रंगचित्र? यावर दोन वकील दिवसभर भांडू शकतात, आणि निकाल काय लागेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. यादी अपवादाची आहे आणि ती ताणून वाचायची नाही, ही दिशा मात्र तुमच्या बाजूची आहे. सत्यजित राय यांच्या ‘नायक’च्या पटकथेचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा निर्मात्याने पैसे देऊन लिहून घेतली असली तरी पटकथा त्या यादीत बसत नाही, म्हणून तिचा कॉपीराइट राय यांचाच, असं न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं.

आणि इथे तुमचं जुनं, न वाचता सही केलेलं वाक्यच मदतीला येतं. ‘चित्रकार हक्क देत आहे’ असं प्रकाशकाने २०१७ मध्ये स्वतः टाइप करून घेतलं. जो आधीच मालक आहे तो दुसऱ्याकडून हक्क कशाला लिहून घेईल? मालकी तुमची होती हे त्यांनी तेव्हा कागदावर मान्य केलं. नव्या मसुद्यातलं तिसरं कलम ही कबुली पुसायला आलं आहे. त्यावर सही केलीत की पाच वर्षांची मुदत, हक्कांचं परत येणं, काहीच उरत नाही. मालकीच त्यांची असेल तर हस्तांतराचं कलम लागूच होत नाही. म्हणजे तुमचा सगळा दावा १५ हजारांत गेला.

ते १५ हजार आजच परत करा. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, आणि लगेच ईमेल: ‘ही रक्कम माझ्या मागणीशिवाय जमा झाली होती, ती परत करत आहे. पूरक करारनामा मला मान्य नाही. माझे सर्व हक्क राखून.’ यापेक्षा एक ओळही जास्त नको. बँकेच्या नोंदीत त्यांनी ‘पूर्ण व अंतिम’ असा काही शेरा टाकलाय का ते पाहून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे तीन आठवडे तुमच्या खात्यात पडून आहेत आणि तुम्ही मला साधं पत्र टपालाने पाठवलंत. याला काय म्हणावं!

दुसरी गोष्ट ती व्हॉट्सअ‍ॅपवरची. अ‍ॅपची जाहिरात प्रकाशकाने पाठवली तेव्हा तुम्ही ‘वा, मस्तच! अभिनंदन’ असं लिहून वर अंगठा दाखवलात. समोरचा वकील तो निरोप छापून न्यायाधीशांपुढे ठेवणार आणि म्हणणार, बाईंची संमती होती. परवाना लेखी हवा, आणि त्यात काय दिलं, किती काळासाठी दिलं हे असायला हवं. अभिनंदन म्हणजे परवाना नव्हे, असं आपण म्हणू. माझ्या मते आपलं म्हणणं टिकावं. पण अंतरिम मनाई हुकूम, म्हणजे निकालापर्यंत वापर थांबवण्याचा आदेश, मागताना ‘दोन वर्षं गप्प का होतात?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याला तुमच्याकडे चांगलं उत्तर नाही. यापुढे प्रकाशकाशी फोनवर बोलू नका. संभाषण पुसू नका, मोबाइल बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. कच्ची रेखाटनं, स्कॅन, तारखा असलेल्या फाइली, प्रकाशकाचे ‘शेपूट जरा झुबकेदार करा’ छापाचे ईमेल, सगळं एका जागी आणा.

उशिराने तुमचं नुकसान झालेलंच आहे. उल्लंघनाच्या भरपाईसाठी मुदत ३ वर्षांची, उल्लंघनाच्या तारखेपासून. जानेवारी २०२३ च्या पुनर्मुद्रणाची ३ वर्षं जानेवारी २०२६ मध्ये भरली. त्या छपाईतल्या नंतरच्या विक्रीबद्दल काही मागता येईल, पण छपाईचं गेलं असं धरून चाला. अ‍ॅपचं घड्याळ जून २०२७ पर्यंत आहे. रोजचा वापर हे रोजचं नवं उल्लंघन, असा युक्तिवाद होतो; त्याच्या भरवशावर झोपू नका.

नावाचं काय? हक्क दिले असोत वा नसोत, कलम ५७ प्रमाणे आपलं कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. अ‍ॅपवर नाव हवंच. खारीचं शेपूट बदलून तिला गॉगल घातला, ही विकृती की नुसता बदल, हे सांगणं कठीण. तुमच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो हे दाखवावं लागेल. गॉगलने न्यायाधीश हेलावतील असं मला वाटत नाही. या कलमाखालचा गाजलेला निकाल शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं, त्यांनी १९९२ मध्ये दावा लावला, आणि निकाल लागला २००५ मध्ये: शिल्पाचे अवशेष परत आणि ५ लाख भरपाई. तेरा वर्षं! आपल्या न्यायालयांना अभिमान वाटावा असा निकाल, आणि शरम वाटावी असा वेळ.

तुमच्या दाव्याला तेरा वर्षं लागू नयेत, कारण मागणी ३ लाखांच्या वर असेल तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो. तिथे कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल करायला जास्तीत जास्त १२० दिवस, त्यानंतर प्रतिवादीचा तो हक्क संपतो. कागदावर सगळं वेगवान आहे. कॉपीराइट कायद्याने तुम्हाला राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे कोल्हापुरातच; प्रकाशकाच्या गावी खेटे नकोत. उच्च न्यायालयात जायची वेळ आली, तरी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेरचं खंडपीठ) तुमच्याच गावात बसतं. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून पळवाट ठेवलेली नाही. तुमचं दोन वर्षांचं मौन पाहता मी मध्यस्थीलाच जाईन. प्रकाशकाचा माल बाजारात आहे, त्याच्या वकिलाला भोक दिसलेलं आहे. टेबलावर बसायची गरज तुमच्याइतकीच त्यालाही आहे. तिथे मागायचं ते हे: मागच्या वापराची रक्कम, पुढे माध्यमागणिक वेगळा परवाना, प्रत्येकाला ३ वर्षांची मुदत, विक्रीवर रॉयल्टी, आणि सगळीकडे नाव. गोष्टी लिहिणाऱ्याला रॉयल्टी आणि चित्रकाराला एकदाच पाकीट, ही आपल्या बालसाहित्यातली रीत कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही.

दप्तरांच्या बाबतीत एक धोका सांगून ठेवते. वस्तूवर लावलेलं डिझाइन नोंदवण्याजोगं असेल, पण नोंदवलं नसेल आणि कॉपीराइटच्या मालकाने किंवा त्याच्या परवान्याने दुसऱ्याने ते कारखान्यात ५० हून अधिक वेळा उतरवलं असेल, तर त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो, असं कलम १५ म्हणतं. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं दप्तरावर छापलं म्हणून ते डिझाइन ठरत नाही, असं आपण म्हणू, पण इथे वाद होणार. अ‍ॅपबाबत हा प्रश्नच नाही, म्हणून दाव्यात अ‍ॅप पुढे ठेवा, दप्तर मागे.

तुमचा शेवटचा प्रश्न, दुसऱ्या प्रकाशकाकडे हीच खार काढू का? चित्र तुमचं, हक्क परत आलेले, तेव्हा काढायला हरकत नाही. गोष्टींचा मजकूर लेखकाचा, त्याला हात लावू नका. खारीचं नावही लेखकानेच ठेवलं असेल, तर ते आत्ता वापरू नका. त्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते नाव आणि चित्र शोधा, शोध फुकट आहे. प्रकाशकाने अर्ज केला असेल आणि तो त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला असेल, तर विरोध नोंदवायला प्रसिद्धीपासून ४ महिनेच मिळतात आणि ते वाढवून मिळत नाहीत. हा शोध पैसे परत केल्यावर त्याच दिवशी घ्या, आणि काही सापडलं तर या वेळी टपाल नको, फोन करा.