चांगला स्मार्टफोन हातात असताना वेगळा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल घेण्यात अर्थ आहे का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. फोनचा प्रोसेसर आता बहुतेक हँडहेल्डना मागे टाकतो, मग आणखी एक यंत्र कशाला? आणि घ्यायचंच तर गेमिंग लॅपटॉप किंवा टीव्हीला जोडायचा कन्सोल का नको?

प्रोसेसरबद्दल तुम्ही म्हणता ते बरंचसं खरं आहे. निन्टेन्डो स्विच हा हँडहेल्ड 2017 साली बाजारात आला तेव्हाच त्यातली टेग्रा एक्स1 ही चिप दोन वर्षं जुनी होती. आजचे चांगले फोन तिच्या कितीतरी पुढे गेले आहेत. पण त्याच जुन्या चिपवर 2023 मध्ये झेल्डा मालिकेतला 'टिअर्स ऑफ द किंगडम' हा गेम चालला. त्यात आकाशातली बेटं, जमीन आणि जमिनीखालची गुहांची दुनिया असं तीन मजली जग आहे. फोनवर या तोडीचा गेम क्वचितच सापडतो. म्हणून मला वाटतं, चिपचा वेग बघून निर्णय घेऊ नका. खरा फरक उष्णता, बटणं आणि गेम विकण्याची पद्धत या तीन गोष्टींत आहे.

आधी उष्णता, कारण तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. चिपची सगळी उष्णता मागच्या काचेतून, कडेच्या धातूतून आणि शेवटी तुमच्या तळहातांतून बाहेर पडते. एवढ्या पातळ वस्तूला सतत चार-पाच वॅटपलीकडची उष्णता बाहेर टाकणं जड जातं. जाहिरातीत सांगितलेला वेग खोटा नसतो, पण तो सुरुवातीच्या काही मिनिटांचा असतो. मग फोन स्वतःला वाचवण्यासाठी चिपचा वेग उतरवतो, स्क्रीनचा उजेडही कमी करतो, आणि ऐन लढाईत चित्र अडखळायला लागतं. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हँडहेल्डची चिप 15 वॅटपर्यंत वीज घेते, आणि आत पंखा असल्यामुळे तासाभरानंतरही ती पहिल्या मिनिटासारखीच चालते. शिवाय त्याची स्क्रीन 1280×800 म्हणजे सुमारे 10 लाख पिक्सेलची आहे. फोनच्या 2400×1080 स्क्रीनवर तेच पिक्सेल सुमारे 26 लाख होतात. एका बाजूला काम कमी आणि दुसऱ्या बाजूला दम जास्त, असा हा हिशेब आहे. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात कमी रिझोल्यूशन उणेपणा वाटतो, पण सात इंचांच्या स्क्रीनवर तो मला शहाणपणाचा निर्णय वाटतो.

हा शहाणपणा जुना आहे. 1989 साली गुनपेई योकोई यांनी निन्टेन्डोसाठी गेम बॉय हा हँडहेल्ड घडवला, तेव्हा रंगीत स्क्रीन उपलब्ध होत्या. अटारीचा लिंक्स त्याच वर्षी रंगीत स्क्रीन घेऊन आला आणि सेगाचा गेम गिअरही लवकरच आला. योकोईंनी मुद्दाम स्वस्त, रंगहीन, आतून उजेड नसलेली स्क्रीन निवडली. गेम गिअर सहा सेल काही तासांत संपवायचा, तर गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. पुढे गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून 11 कोटींहून अधिक विकले गेले, आणि गेम गिअर सुमारे 1 कोटीवर थांबला. लोकांनी हातातला गेम जास्त वेळ चालण्याला कौल दिला.

बटणांचं म्हणाल तर काचेवर खेळताना दोन्ही अंगठे चित्राचा बराच भाग झाकतात, आणि बोट नेमक्या जागी आहे का हे बघायला नजर खाली न्यावी लागते. खरं बटण बोटाला न बघता सापडतं. उडी मारताना, नेम धरताना, गाडी वळवताना अ‍ॅनालॉग स्टिक (अंगठ्याने कलवायची छोटी दांडी) किती कलली हे हाताला जाणवतं. आयफोन 15 प्रोवर 'रेसिडेंट ईव्हिल 4'सारखा मोठा गेम थेट चालतो. पण तो नीट खेळायचा तर कंट्रोलर जोडावाच, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची. फोनवरचे बहुतेक मोठे गेम फुकट मिळतात, म्हणून त्यांची कमाई तुम्ही रोज परत येण्यावर आणि मधूनमधून खर्च करण्यावर चालते. रोजचं बक्षीस, संपणारी ऊर्जा, नशिबावर मिळणारी पात्रं हे सगळं त्यासाठीच रचलेलं असतं. हँडहेल्डवरचे बरेच गेम एकदाच विकत घ्यायचे असतात, त्यामुळे बनवणाऱ्याला तुमचा वेळ मुद्दाम ताणण्याची तेवढी गरज पडत नाही. गोष्ट सुरू होते, रंगते आणि संपते. ज्यांना गेम पूर्ण करण्यात आनंद मिळतो त्यांच्यासाठी हा फरक कुठल्याही चिपपेक्षा मोठा आहे. बनवणाऱ्यालाही एकच यंत्र समोर ठेवून काम करता येतं. फोनवर शेकडो मॉडेलं सांभाळावी लागतात. 2017 मध्ये आयफोनची आयओएस 11 ही प्रणाली आल्यावर जुन्या 32-बिट रचनेचे अ‍ॅप चालणं बंद झालं आणि अद्ययावत न केलेले कितीतरी छान गेम एका फटक्यात गेले. अर्थात कन्सोलवालेही निर्दोष नाहीत. निन्टेन्डोने 3डीएस या आपल्या जुन्या हँडहेल्डचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 मध्ये बंद केलं. पण कार्ट्रिजवर घेतलेला गेम अजूनही यंत्रात घालून खेळता येतो.

फोन सरस कुठे? बुद्धिबळ, कोडी, पत्त्यांचे गेम यांना स्पर्शच योग्य. मित्र जे ऑनलाइन गेम फोनवर खेळतात तेच खेळायचे असतील तर हँडहेल्ड घेऊन काही मिळणार नाही. दुसरं, फोन कायम खिशात असतो. मूळ एलसीडी स्क्रीनच्या स्टीम डेकचं वजन 669 ग्रॅम आहे, म्हणजे साधारण तीन फोनांएवढं. तो खिशात मावत नाही, आणि पलंगावर पडून वर धरला की मनगटं लवकर बोलायला लागतात. जड गेम चालवला तर त्याची 40 वॅट-तासांची बॅटरी दोनेक तासांतच उतरते.

लॅपटॉप आणि टीव्हीचा कन्सोल यांची ताकद वेगळ्याच पातळीवरची आहे. प्लेस्टेशन 5 मोठा गेम चालवताना 200 वॅटच्या आसपास वीज खेचतो, तिथे 15 वॅटचं यंत्र पुरणार नाही. मोठी स्क्रीन, उत्तम चित्र आणि बसायची ठरलेली जागा असेल तर तेच घ्या. लॅपटॉपवर इतर कामंही होतात. पण हँडहेल्ड मधेच झोपवता येतो. बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो आणि पुन्हा दाबलं की काही सेकंदांत त्याच क्षणापासून सुरू होतो. ज्यांना सलग दोन तास कधीच मिळत नाहीत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडेच मिळतात, त्यांचे मोठे गेम यामुळेच पूर्ण होतात. मी स्वतः लांबलचक गेम आता असेच खेळतो.

तुमच्या जागी मी असतो तर आधी फोनला दोन्ही बाजूंनी बसणारा कंट्रोलर घेतला असता. त्याला हँडहेल्डपेक्षा बराच कमी खर्च येतो आणि बटणांवर खेळायला आपल्याला खरंच आवडतं का, हे कळतं. ते आवडलं आणि फोनवरचे गेम अपुरे वाटायला लागले, तर हँडहेल्डकडे वळा. त्यातही आधी खेळायचे गेम कागदावर लिहा आणि मग यंत्र निवडा. झेल्डा, मारिओ हवे असतील तर स्विच किंवा 2025 मध्ये आलेला स्विच 2. स्टीम या कॉम्प्युटर गेमांच्या ऑनलाइन दुकानात आधीच गेमांचा साठा असेल तर स्टीम डेक. मात्र तो विंडोजऐवजी लिनक्सवर चालतो, आणि फोर्टनाइटसारखे काही ऑनलाइन गेम फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेमुळे त्यावर थेट चालत नाहीत. ते हवे असतील तर आसूसच्या आरओजी अलायसारखा विंडोजवाला हँडहेल्ड बघा, पण झोपवून पुन्हा उठवण्याचं काम त्यावर तितकं सुरळीत होत नाही. आणि मोठ्या मॉनिटरसाठी बनवलेला, संवाद आणि मजकूर भरपूर असलेला गेम तुमच्या यादीत असेल, तर सात इंचांवर त्याची अक्षरं वाचता येतात का, हे कुणाच्या तरी यंत्रावर प्रत्यक्ष बघून घ्या.